शिलाई मशीन नको, आधी सातबारा बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आमचं मूळ गाव यवतमाळ जिल्ह्यात, राळेगाव तालुक्यात. आम्ही तिघं भावंडं आता पुण्या-नागपुरात. आई मागच्या वर्षी गेली. तिच्या नावानं तीन लाख रुपये गावातल्या गरीब बायांसाठी खर्च करायचे आहेत. शिलाई मशीन द्यावीत, पापड-मसाल्याचा उद्योग काढून द्यावा, की बचत गटाला रक्कम द्यावी?"

तिन्ही नको. निदान पहिलं वर्षभर तरी नको.

हे मी वरून सांगत नाही. बावीस वर्षं यवतमाळ-वर्ध्याच्या गावांत फिरतेय, त्यातली पहिली काही सहयोगिनी, म्हणजे बचत गटांची कार्यकर्ती म्हणून, मानधनावर. मशीनवाटप मी स्वतः केलेलं आहे. एका गावात वीस मशीन दिली, मंडप टाकला, फोटो निघाले. दोन वर्षांनी त्याच गावात गेले तर पाच चालू होती. बाकीच्यांपैकी एकीवर सोयाबीनचं कट्टं ठेवलेलं, एकीवर टीव्ही, दोन विकलेली, काहींचा पत्ताच नाही. गावात आधीच दोन शिंपी होते आणि ब्लाऊज शिवायला मिळणार ते तेवढेच, हे कारण होतंच. पण खरं कारण मला उशिरा कळलं. दुपारी घरी बसून मशीन चालवू शकते ती बाई, जिला दुपारी वावरात जावं लागत नाही. म्हणजे मशीन चाललं ते ज्यांचं बरं चाललं होतं त्यांच्याकडे. जिच्यासाठी आणलं होतं तिच्याकडे ते पडून राहिलं.

तुमच्या गावातल्या मजूर बाईचं वर्ष डोळ्यासमोर आणा. मृगाचा पाऊस पडला की सरकी टोबणं, मग खत देणं, मग निंदण. निंदण दिवाळीच्या तोंडापर्यंत चालतं आणि ते रोजीवर असतं. सीतादही (वेचणीआधीची वावरातली पूजा) झालं की कापसाची वेचणी सुरू, ती किलोवर. वेचणी जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत, फरदड (त्याच झाडांचं वाढीव पीक) ठेवली असेल तर आणखी पुढे. मग पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची झाडं, उपटून झाल्या की काम संपलं. चैत्र-वैशाखात हाताला काम नाही, आणि नेमक्या त्याच महिन्यांत लग्नं, छपराची दुरुस्ती, नंतर शाळेची वह्या-पुस्तकं, बियाणं. बाईची रोजी गड्याच्या जवळजवळ निम्मी. हे सगळं आटोपून घरी आल्यावर चूल, पाणी, सरपण. तिला हुनर नाही असं नाही. पऱ्हाटीच्या बोंडातून बोटं रक्ताळू न देता कापूस काढणं हाही हुनरच आहे, फक्त त्याला प्रमाणपत्र मिळत नाही. तिच्याकडे रिकामा वेळ नाही, आणि आलेला पैसा चार वाटांनी गळतो. त्या वाटा आधी पाहाव्या लागतात.

पण त्याआधी, बाई कोणती? सरपंचाला यादी मागू नका. यादी मिळेल, चांगली सुबक मिळेल, आणि त्यात त्यांच्या वॉर्डातली नावं असतील. गटाच्या अध्यक्षांनाही पहिल्यांदा विचारू नका. किराणा दुकानदाराला विचारा: रोज दहा रुपयांचं तेल आणि पाच रुपयांचं तिखट कोण नेतं? महिन्याचा किराणा एकदम भरणारी बाई आणि रोजचं रोज नेणारी बाई यांतला फरक त्याला चांगला ठाऊक असतो. आशाताईला विचारा, अंगणवाडीच्या मदतनीसबाईला विचारा. आणि गावाच्या बाहेर पाहा. राळेगाव, केळापूर, मारेगाव, झरी या पट्ट्यात कोलाम आदिवासींचे पोड, म्हणजे वस्त्या असतात, कुठे पारध्यांचा बेडा असतो. ग्रामपंचायतीच्या कागदावर ते तुमच्याच गावात येतात, ग्रामसभेत मात्र दिसत नाहीत.

एका पोडावरच्या बाईला मी पहिल्या वर्षी मोठ्या उत्साहानं म्हटलं होतं, गटात का येत नाही? ती सरपणाची मोळी टेकवत म्हणाली, "मले कोन घेईन गटात, ताई? शंभर रुपये महिना भरू का पोट्ट्याले दवाखान्यात नेऊ?" बचत गटाची पंचसूत्री तुम्ही ऐकली असेल: नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित हिशेब. पाचही सूत्रं रास्त आहेत. पण प्रत्येकात 'नियमित' आहे, आणि जिची रोजी आज आहे अन् उद्या नाही ती त्या शब्दालाच गळून पडते. दोनदा हप्ता चुकला की बाकीच्या नाकं मुरडतात, तिसऱ्यांदा ती स्वतःच येत नाही. म्हणून गटाला पैसे दिले की गरिबाला पोचले, असं धरून चालू नका. गट वाईट नाहीत. मी आयुष्य त्यातच घातलं. गटामुळे बाई बँकेत खुर्चीवर बसायला लागली हे मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि तीन लाखांपर्यंतचं गटकर्ज सात टक्क्यांनी मिळणं ही लहान गोष्ट नाही. पण शेवटची बाई गटाच्या बाहेर असते.

आता सातबाऱ्याकडे येते, कारण माझ्या मते सगळ्यात जास्त बदल तिथे होतो आणि त्याला सगळ्यात कमी पैसे लागतात.

एक उदाहरण सांगते. नवरा गेलेली बाई, वय चौतीस, दोन पोरं, चार एकर कोरडवाहू. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. शेती तीच करते, मजूर तीच लावते, उधारीही तीच फेडते. मी सातबारा काढायला लावला. त्यावर अजून नवऱ्याचंच नाव. तिनं सहा वर्षांत नुकसानभरपाई घेतली नव्हती, पीककर्ज नाही, विमा नाही, पीएम-किसानचे वर्षाचे सहा हजार नाहीत. कापूस गावातल्या खेडा-खरेदीवाल्याला, तो म्हणेल त्या भावानं. सीसीआयच्या (सरकारी कापूस महामंडळाच्या) केंद्रावर घालायला सातबारा आणि पेऱ्याची नोंद लागते, ती कुणाच्या नावानं दाखवणार? मी विचारलं, नाव का नाही लावलं? "सासरा म्हनते, तुहं नाव लावून काय करतं, पोरगं मोठं झालं का त्याच्याच नावानं होईन." सासरा वाईट माणूस नव्हता. त्याला भीती होती, सून दुसरं लग्न करून वावर घेऊन जाईल. ही भीती बोलून दाखवली जात नाही, पण प्रत्येक फेरफाराच्या, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नावबदलाच्या, मागे ती असते.

वारस नोंदीचं काम अवघड नाही, चिवट आहे. मृत्यूचा दाखला, वारसांची नावं लिहिलेलं प्रतिज्ञापत्र, आधार आणि अर्ज, तलाठ्याकडे किंवा ई-हक्क प्रणालीवर. (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, गावात अजून तलाठीच.) नोटीस निघते, पंधरा दिवसांत कुणाची हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतो. पोरं लहान असतील तर त्यांच्या नावापुढे 'अ.पा.क. आई' लागतं, म्हणजे अज्ञान पालनकर्ती आई. हे नीट लागलं आहे ना ते वाचून घ्यायचं, मी 'अ.पा.क. आजोबा' लागलेलेही पाहिलेत. २०२५ मध्ये शासनानं मेलेल्या खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायची 'जिवंत सातबारा' मोहीम काढली. तिची सुरुवात आपल्याच बुलडाण्यातून झाली आणि नंतर ती राज्यभर गेली. कितीतरी नोंदी त्यात झाल्या, पण मोहीम ज्या दिवशी गावात आली त्या दिवशी जी बाई वेचणीला दुसऱ्या गावी गेली होती, तिचं राहून गेलं.

गुंता असतो तो दोन ठिकाणी. जमीन सासऱ्याच्याच नावावर असेल आणि सासरा जिवंत असेल तर लगेच नाव लागत नाही. पण सासऱ्यामागे, आधीच वारलेल्या मुलाची विधवा ही १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं पहिल्या वर्गातली वारस आहे. हे तिला आजच सांगून ठेवा आणि तिच्याकडून एका कागदावर लिहून घ्या, गट क्रमांकासकट. दुसरा गुंता हक्कसोडपत्राचा. नवरा गेल्याच्या चौदाव्या-पंधराव्या दिवशी, डोळ्यांतलं पाणी खळलेलं नसताना, दीर येतो आणि म्हणतो, वहिनी, एक सही लागते. ती सही दुय्यम निबंधकाकडे नोंदली गेली की सोडवायला कोर्टात वर्षं जातात. मी गावोगावच्या बायांना एकच पाठ करायला लावलं आहे: वर्षभर दुसऱ्यानं आणलेल्या कुठल्याही कागदावर सही नाही, अंगठा नाही. भांडायचं नाही. "भाऊ आले का विचारून सांगतो" एवढंच म्हणायचं.

नवरा जिवंत असतानाच बायकोचं नाव सहधारक म्हणून लावता येतं, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मी मुक्तीचं आंदोलन उभं केलं, त्यातून १९९२ चा शासन निर्णय आला, लक्ष्मी मुक्ती याच नावानं. घराचं तसंच: २००३ च्या निर्णयानुसार ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर नवरा-बायको दोघांची नावं लागू शकतात. याला खर्च जवळजवळ नाही. नवऱ्याला समजवायला मात्र चार चकरा लागतात, आणि त्या चकरा बाईनं मारण्यापेक्षा गावातल्या एखाद्या मानाच्या माणसानं मारलेल्या बऱ्या. तुमच्या वडिलांच्या वयाचं कुणी असेल तर त्यांना कामाला लावा.

जमीनच नसलेल्या बाईचं काय? तिथे संजय गांधी निराधार योजना. विधवा, परित्यक्ता, घटस्फोट होऊनही पोटगी न मिळणारी, पस्तिशी ओलांडलेली अविवाहित, या सगळ्या तिच्यात बसतात. महिन्याला दीड हजार. पण उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१,०००, म्हणजे महिन्याला १,७५०. एवढ्या कमाईत कोण जगतं? लाडकी बहीणसाठी मर्यादा अडीच लाख आणि निराधारसाठी एकवीस हजार, हा हिशेब मला कुणी आजवर समजावून सांगितलेला नाही. दोन्हींचे दीड-दीड हजार एकत्र मिळत नाहीत, हेही सांगून ठेवते, कारण काही एजंट दोन्ही मिळवून देतो म्हणून पाचशे रुपये घेतात. कमावता माणूस साठीच्या आत गेला आणि घर दारिद्र्यरेषेच्या यादीत असलं तर राष्ट्रीय कुटुंबलाभ योजनेचे एकरकमी २०,००० असतात. शेतात साप चावून, वीज पडून, फवारणीत विषबाधा होऊन कुणी गेलं आणि घर खातेदाराचं असलं तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या अपघात योजनेतून दोन लाख मिळतात. तिथे शवविच्छेदन आणि पोलिसांचा पंचनामा नसला की सगळं बुडतं. दुःखात घरचे म्हणतात, कशाला चिरफाड. त्या क्षणी हे सांगणारं कुणीतरी गावात असावं लागतं.

शेतकरी आत्महत्येच्या घरांबद्दल बाहेरून येणारे हमखास विचारतात, म्हणून एवढंच सांगते. मदत एक लाखाची, त्यातले ३०,००० हातात आणि ७०,००० ठेवीत. प्रकरण 'पात्र' ठरायला जमीन, कर्ज आणि वसुलीचा तगादा यांचे कागद लागतात. कर्ज सावकाराचं, तोंडी असेल तर फाईल 'अपात्र' होते. अपात्र घरातली बाईही विधवाच असते. तुमचे पैसे आधी तिच्याकडे जावेत.

मंजुरी मिळाली म्हणजे पैसा मिळाला असंही नाही. गेल्या हिवाळ्यात एका आजीसोबत बँक मित्राकडे गेले होते. आठ महिने तिचा अंगठा उमटत नव्हता. मशीनवर ठेवायची, लाल दिवा. पुसून ठेवायची, लाल दिवा. चाळीस वर्षं कापूस वेचून बोटांच्या रेषाच घासून गेलेल्या. तो पोरगा कंटाळून म्हणायचा, आजी उद्या या. मी दहाही बोटं लावून पाहायला सांगितली. डाव्या हाताची करंगळी चालली! आठ महिन्यांचं अनुदान करंगळीत अडकलेलं होतं. दुसऱ्या एकीचे पैसे येत होते पण पासबुकात दिसत नव्हते. सिमकार्ड घेताना दुकानदारानं तिचं एक पेमेंट बँकेचं खातं उघडून ठेवलेलं आणि आधार त्याला जोडलेलं, पैसे सगळे तिकडे. असल्या कामाला योजना नाही, अनुदान नाही. सोबत जाणारं माणूस लागतं, त्या दिवसाची तिची बुडालेली रोजी भरून द्यावी लागते, आणि झेरॉक्सचे वीस रुपये.

आता कर्ज. हा भाग अवघड आहे आणि इथे घाई केली तर नुकसान होतं. गावातल्या कुठल्याही मजूर बाईला तिची कर्जं विचारा, ती एकच सांगेल. दुसऱ्या भेटीत दुसरं निघतं. तिसऱ्या भेटीत चुलीपाशी बसून मी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून घेते: कुणाकडून, किती, कधी, काय व्याज, हप्ता केवढा. अशाच एका कॅलेंडरचे आकडे देते. एका फायनान्सचा आठवड्याचा हप्ता ६२०, दुसऱ्याचा पंधरवड्याचा १,४५०, तिसऱ्याचा महिन्याचा २,१००. महिन्याला बेरीज ७,४८०. तिची त्या वर्षीची निंदणाची रोजी २५०, महिना चांगला गेला तर वीस दिवस काम, म्हणजे ५,०००. वरचे अडीच हजार कुठून? चौथ्या फायनान्समधून. शिवाय किराण्याची उधारी वेगळी आणि सावकाराचे शेकडा पाच वेगळे. शेकडा पाच ऐकायला पाच टक्के वाटतं, वर्षाला ते साठ होतात. हे मी तिला बाटलीच्या साठ बुचांनी मोजून दाखवलं होतं, तेव्हा ती बराच वेळ बुचांकडेच पाहत राहिली.

अशा बाईला धंद्यासाठी नवं कर्ज देणं म्हणजे पाचवा हप्ता जोडणं. आधी एक हप्ता कमी करायचा. आम्ही गटाच्या कर्जातून मधला, सगळ्यात जाचक, एकदम फेडला आणि नवं काही घ्यायचं नाही असं ठरवून घेतलं. उरलेले सुटायला एकोणीस महिने लागले. रिझर्व्ह बँकेचे १ एप्रिल २०२२ पासूनचे नियम इथे कामाला येतात: घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत, वेळेआधी फेडलं तर दंड नाही, सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर वसुलीचा फोन नाही, कर्जाचं कार्ड तिला कळेल अशा भाषेत. हे एका पानावर मोठ्या अक्षरात छापून समाजमंदिरात लावा. वसुलीवाल्या पोरांवर राग काढू नका, तीही आपल्याच तालुक्यातली, टार्गेटखाली पिचलेली असतात. परवाना नसलेल्या सावकारानं वावर लिहून घेतलं असेल तर मात्र २०१४ च्या सावकारी कायद्यानं जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो, आणि व्यवहार पंधरा वर्षांच्या आतला असेल तर जमीन परत मिळू शकते. त्या अर्जासाठी वकील चांगला पाहा, तिथे हौशीपणा नको.

कर्ज कशासाठी घेतलं हे विचारलं तर निम्म्या वेळा उत्तर दवाखाना असतं. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत केलेला अभ्यास १९८९ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आला: ९२ टक्के बायांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता, आणि आधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. तो अभ्यास जुना झाला, पण 'अंगावरून जातं' हे सांगायला बाई अजूनही दोन-तीन वर्षं लावते. मग एखाद्या खासगी ठिकाणी तिला म्हणतात, पिशवी काढून टाका. बत्तीस-चौतीस वर्षांच्या बायांच्या पिशव्या काढलेल्या मी पाहते. तीस-चाळीस हजार जातात, कंबरदुखी मागे लागते आणि वाकून निंदण होत नाही. एका नियमानं गावात बरंच वाचतं: पिशवी काढायला कुणी सांगितलं तर आधी सेवाग्रामच्या दवाखान्यात किंवा यवतमाळच्या सरकारी मेडिकल कॉलेजला दाखवायचं, मगच हो म्हणायचं. एसटीचं तिकीट बायांना मार्च २०२३ पासून अर्धंच आहे. अडचण तिकिटाची नसते. सोबत कोण जाईल आणि घरी पोरांना कोण पाहील, ही असते.

आता तुमच्या तीन लाखांची वाटणी, मी केली असती तशी. गावातलीच एक बाई निवडा, दहावी झालेली, जिची सासू तिला बाहेर पडू देते अशी. तिला महिना साडेतीन हजार मानधन, दोन वर्षं: ८४,०००. तिचं काम सोबत जाणं. तहसील, बँक, दवाखाना, तलाठी. प्रवास, झेरॉक्स, प्रतिज्ञापत्रं आणि बुडालेल्या रोज्यांसाठी ४०,०००. आजारपणासाठी ७०,००० वेगळे, गावच्या ग्रामसंघाच्या (सगळ्या गटांच्या मिळून संघाच्या) खात्यात, पण अट अशी की गटात नसलेल्या बाईलाही त्यातून उसने मिळतील, बिनव्याजी, वेचणीच्या हंगामात फेडायचे. ही अट लिहून घ्या, ठरावाची नक्कल मागा. उरतात १,०६,०००. ते वर्षभर हातच लावू नका.

दुसऱ्या वर्षी त्याच्या बकऱ्या. सरकारी कागदात शेळी, आपल्याकडे बकरी. दहा बकऱ्या-एक बोकड असली मोठी युनिटं नको, दहा बकऱ्या चारणं हे पूर्ण दिवसाचं काम आहे आणि मग रोजी सुटते. एकेकीला दोन, फार तर तीन. आपली बेरारी जात घ्या, उन्हाला टिकते, बाहेरून उंच देखण्या आणू नका. खरेदीला त्याच बाया बाजारात नेऊन त्यांनाच दात पाहू द्या, तुम्ही पाहाल तर फसाल. पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस आणि जंताचं औषध, पीपीआर या साथीच्या रोगाची लस वेगळी. लस चुकली तर आठवड्यात सगळं संपतं, हे मी दोनदा भोगलंय. अकोला जिल्ह्यात एक बकरी बँक निघाली आहे, तिथे गाभण बकरी देतात आणि चाळीस महिन्यांत चार पिल्लं परत घेतात. कल्पना छान, पण अगदी शेवटच्या घराला चार जड जातात. मी एकच पाठ (मादी पिल्लू) परत घेते, आणि तीही माझ्याकडे नाही, यादीतल्या पुढच्या बाईकडे जाते. दोघी समोरासमोर येतात, देणारीची मान ताठ असते.

गाव पूर्वेकडे, गडचिरोली-गोंदियाकडे असतं तर हे उत्तर वेगळं झालं असतं. तिथे धानाची रोवणी, मोह, तेंदूपत्ता, आणि हिवाळ्यात मिरची तोडायला तेलंगणात जाणाऱ्या बायांच्या गाड्या. तिथे सातबाऱ्याआधी वनहक्काचा दावा पाहावा लागतो. २००६ च्या कायद्यात पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं द्यायची तरतूद आहे आणि तरी एकट्या नवऱ्याचं नाव लागलेलं दिसतं. तो विषय मोठा आहे, इथे नको.

दारूबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण गावात गेल्यावर बाया पहिली तीच गोष्ट काढतील. आडव्या बाटलीसाठी, म्हणजे दारूचं दुकान बंद करायच्या मतदानात, गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक बायांनी मतं द्यावी लागतात, आलेल्यांपैकी नव्हे. शिवाय ती परवान्याच्या दुकानापुरती. गावातली हातभट्टी त्यानं जात नाही. बाहेरच्या माणसानं या लढ्याचं पुढारपण करू नये. तुम्ही पुण्याला परत जाल, आणि रात्री दगड लढणाऱ्या बाईच्या कवेलूंवर पडतील.

आणि मजुरीचं. बायांनी टोळी करून निंदणाचा भाव एकत्र ठरवला की रोजीत थेट फरक पडतो, कुठल्याही योजनेपेक्षा लवकर. पण तुमचं स्वतःचं वावर गावात मक्त्यानं (खंडानं) दिलेलं असणार. सुरुवात तिथून होईल का पाहा. तुमच्या वावरात बाईला आणि गड्याला सारखी रोजी मिळते का, हे मक्तेदाराला विचारलंत तर गावभर चर्चा होईल. कास्तकार मंडळी चिडतील, त्यांचंही चुकत नाही, कापसाच्या भावात त्यांचंच भागत नाही. तरीही विचारा.

जाणार असाल तर अखजी (अक्षय्य तृतीया) झाल्यावर आणि पेरणीच्या आधी जा, तेव्हा बायांना बसायला वेळ असतो. पहिल्या फेरीत काही घेऊन जाऊ नका, साडी-भांडी तर नकोच, आणि आईंचं नाव कुठल्या फलकावर लावायचं ते नंतर ठरवा. रात्री गावात मुक्काम करा. दुपारी घरोघर फिरू नका, उन्हाळ्यातसुद्धा बाया काड्या-सरपणाला गेलेल्या असतात आणि घरी फक्त म्हाताऱ्या भेटतात. सकाळी सहाला हापशीवर जाऊन उभे राहा, आणि शेवटचा गुंड (पाण्याचं भांडं) भरून जाते ती बाई कोण, एवढं पाहून या.